लहानांची चित्रपुस्तके आणि थोरांच्या कादंबऱ्या

गेल्या वैशाखात एका स्नेह्यांच्या नातवाच्या मुंजीस आम्ही गेलो होतो. भिक्षावळ आटोपल्यावर बटूपुढे भेटवस्तूंची रास पडली. तीत मनगटी घड्याळे होती, चावीच्या मोटारी होत्या, चांदीच्या वाट्या होत्या आणि पाकिटांना तर गणतीच नव्हती. पुस्तक मात्र एकही नव्हते. ज्या संस्काराचा सारा अर्थ मुलास अध्ययनासाठी गुरूजवळ नेण्यात आहे, त्या संस्काराच्या दिवशी पुस्तकाची एवढी अनुपस्थिती पाहून आम्हांस वाईट वाटले व यजमानांपाशी आम्ही तसे बोलूनही दाखविले. ते हसून म्हणाले, "मास्तर, हल्लीची मुलं वाचतात कुठं?" आम्ही सहज विचारले, "आणि आपण गेल्या वर्षात कोणतं पुस्तक वाचलंत?" यजमान क्षणभर थांबले आणि पाने मांडली की नाही ते पाहावयास निघून गेले.

यजमानांस लाजवावे असा आमचा हेतू नव्हता. तोच प्रश्न कोणी दहा-बारा वर्षांपूर्वी आम्हांस विचारता, तर आम्हीही पाने पाहावयास उठलो असतो! चौतीस वर्षे आम्ही मराठी व संस्कृत शिकविले. परंतु त्या काळात वाचले ते बहुधा क्रमिक पुस्तके आणि मुलांच्या उत्तरपत्रिका. घरच्या कपाटात 'ययाति', 'स्वामी' आणि 'मृत्युंजय' ही तीन पुस्तके मानाने उभी होती, आणि त्यांतील सर्वांत अलीकडचे 'मृत्युंजय' हेही १९६७ सालचे. आमच्या परिचयाच्या बहुतेक सुशिक्षित घरांतील कपाटे अशीच तेथे येऊन थांबलेली आहेत. मग आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? मुलांनी वाचावे असे ज्यांस वाटते त्यांनी प्रथम स्वतः वाचावे, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे. म्हणूनच प्रस्तुत लेखात लहानांची आणि थोरांची पुस्तके आम्ही एकाच पंगतीस बसविली आहेत.

चित्रेही वाचावयाची असतात

आमचे शिक्षण जुन्या वळणाचे. शब्दरूपे, अमरकोश, सुभाषिते असे सारे पाठांतराने झालेले. त्यामुळे चित्र म्हणजे ज्यास अक्षर येत नाही त्याची तात्पुरती सोय. चालू लागलेल्या मुलाचा पांगुळगाडा जसा सुटतो, तसे अक्षर आले की चित्र सुटावे, असे आमचे ठाम मत होते. हे मत आमच्या पाच वर्षांच्या नातीने एका दुपारी मोडून टाकले.

सूनबाईंनी तिच्यासाठी एक चित्रपुस्तक आणले होते. पानावर मजकूर दोन ओळींचा. आम्ही तो खणखणीत आवाजात वाचला आणि पान उलटले. नातीने ते पुन्हा मागे उलटले. आम्ही पुढे केले, तिने मागे केले. अखेर ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही हे पान वाचलंच नाही. नुसती अक्षरं वाचलीत." मग तिने ते पान आम्हांस वाचून दाखविले. कोपऱ्यातली म्हातारी कोणावर रुसली आहे, दारातली एकच चप्पल पालथी का पडली आहे, बाहेर पाऊस आला तरी दोरीवरचे कपडे अजून कोणी कसे काढले नाहीत, असे दहा मिनिटे तिचे चालले होते. त्या दोन ओळींत यांपैकी काहीही लिहिलेले नव्हते. चौतीस वर्षे 'संदर्भासह स्पष्टीकरण द्या' असे मुलांस सांगणाऱ्या मास्तरास संदर्भ म्हणजे काय ते त्या दिवशी एका पोरीने शिकविले.

हा शोध अर्थातच आमच्या नातीचा नव्हे. कमेनिअस नावाच्या मोरावियातील शिक्षणवेत्त्याने १६५८ साली न्यूरेंबर्ग येथे मुलांसाठी एक सचित्र पुस्तक प्रसिद्ध केले. लॅटिनसारखी व्याकरणप्रधान भाषा मुलांस केवळ घोकून येत नाही. वस्तूचे चित्र आणि वस्तूचे नाव जवळजवळ ठेवावे, असे त्याचे म्हणणे होते. युरोपातील मुलांसाठी काढलेले ते पहिले महत्त्वाचे चित्रपुस्तक मानतात. लॅटिनच्या गुरुजींस जे साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी उमगले, ते संस्कृतच्या मास्तरास निवृत्तीनंतर उमगावे, ही गोष्ट भूषणावह खचितच नाही! आपल्याकडेही वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ साली 'आनंद' मासिक सुरू करून मुलांचे वाङ्मय ही स्वतंत्र व गंभीर गोष्ट आहे हे दाखवून दिले होते. परंतु चित्र आणि मजकूर ही दोन्ही एकाच कथेची दोन अंगे मानून रचलेली पुस्तके मराठीत विपुल झाली ती बरीच अलीकडे.

या क्षेत्रात प्रथम नाव घ्यावयाचे ते श्रीमती माधुरी पुरंदरे यांचे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि पुढे पॅरिस येथे त्यांचे कलाशिक्षण झाले. त्यांचा विशेष हा की लेखणी आणि कुंचला एकाच हाती आहे. त्यामुळे जे चित्रात आले ते शब्दांत पुन्हा सांगितले जात नाही, आणि शब्दांनी जे सोडले ते चित्र उचलते. त्यांचा 'राधाचं घर' हा संच तीन-चार वर्षांच्या मुलांपासून चालतो. एक लहान मुलगी आपल्या घरातील माणसांची ओळख करून देते, एवढाच त्याचा विषय. येथे राक्षस नाही, राजपुत्र नाही आणि शेवटी तात्पर्यही नाही. आहे ते तुमच्या आमच्या घरासारखे घर. यश नावाच्या मुलाच्या गोष्टींतही 'मोठी शाळा', 'हात मोडला' असे प्रसंग आहेत. मोठ्यांस ते क्षुल्लक वाटतील. परंतु पाच-सहा वर्षांच्या जीवास नवी शाळा म्हणजे केवढा डोंगर, हे ज्याने पहिल्या वर्गाच्या दारात रडणारी मुले पाहिली आहेत त्यास सांगावयास नको.

या पुस्तकांतील भाषा घरात बोलतात तशी आहे. अनुस्वार देऊन लिहिलेले 'घरं', 'केलं', 'म्हटलं' पाहून आमच्यातील शुद्धलेखनाचा मास्तर प्रथम कपाळास आठ्या घालून बसला होता. पण नात मांडीवर बसून ऐकत असताना 'राधा म्हणाली' ऐवजी आम्ही 'राधा वदली' असे थोडेच वाचणार होतो? मूल ज्या भाषेत भांडते, रडते आणि लाडात येते, तीच पुस्तकात भेटली म्हणजे पुस्तक त्यास आपले वाटते. शिष्ट भाषेची पायरी त्यानंतरची.

त्यांचेच 'चित्रवाचन' हे पुस्तक आम्ही प्रत्येक आजी-आजोबांस सुचवू. त्यात माणसांनी गजबजलेली मोठमोठी दृश्ये आहेत; ती पाहून मुलाने बोलावे आणि थोराने ऐकावे, अशी योजना आहे. ज्या घरांतील मुले इंग्रजी शाळेत जातात आणि मराठी वाचावयास कंटाळतात, तेथे तर हे पुस्तक फार उपयोगी पडते. कारण अक्षरांचा अडसर नसल्यामुळे मूल निर्धास्तपणे मराठी बोलू लागते. आमची नातही अशाच शाळेत जाते, म्हणून हे अनुभवाने सांगतो.

याखेरीज नॅशनल बुक ट्रस्टची 'नेहरू बाल पुस्तकालय' ही माला स्वस्त व जुनी आहे. चेन्नईची 'तूलिका' ही संस्था इंग्रजीबरोबर मराठीसह अनेक भारतीय भाषांत चित्रपुस्तके काढते, आणि 'प्रथम बुक्स' या संस्थेने २०१५ पासून 'स्टोरीवीव्हर' नावाने शेकडो सचित्र गोष्टी संगणकावर विनामूल्य खुल्या केल्या आहेत. परगावी व परदेशी असलेल्या मराठी आईबापांस ही मोठीच सोय आहे. मात्र भाषांतरित पुस्तक घेताना एक कसोटी लावावी: दुकानातच एक पान मोठ्याने वाचून पाहावे. जीभ अडखळली तर पुस्तक पुन्हा फळीवर ठेवावे; चित्रे कितीही सुंदर असोत.

जरा मोठ्या मुलांसाठी

मूल स्वतः वाचू लागले की बहुतेक घरांत त्यास एकट्याने वाचावयास सोडून देतात. आमच्या मते ही चूक आहे. याच वयात पुस्तकांशी नाते जुळते अथवा तुटते.

आठ ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी एकच पुस्तक सुचवा असे कोणी म्हटले, तर आम्ही 'वाचू आनंदे' हा चार भागांचा संग्रह सुचवू. बालगटाचे दोन व कुमारगटाचे दोन असे त्याचे भाग आहेत. मराठीतील जुन्या-नव्या लेखकांचे निवडक वेचे आणि त्यांच्या जोडीस भारतीय चित्रकलेतील नमुने, अशी त्याची मांडणी श्रीमती पुरंदरे यांनीच केली आहे. क्रमिक पुस्तकात धडा संपला की प्रश्न येतात. येथे धडा संपला की मूळ पुस्तक शोधावेसे वाटते.

ज्यांस सलग कथा हवी त्यांच्यासाठी साहित्य अकादमीच्या बालसाहित्य पुरस्कारांची यादी चांगली वाटाड्या आहे. २०१९ साली गौरविलेले सलीम मुल्ला यांचे 'जंगल खजिन्याचा शोध', २०२२ सालचे संगीता बर्वे यांचे 'पियूची वही', २०२४ सालचे भारत सासणे यांचे 'समशेर आणि भूतबंगला' ही नावेच मुलांस हाक मारतील अशी आहेत. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून चालू आहे. दर महिन्यास मुलाच्या नावाने घरी टपाल यावे यात काय आनंद असतो, तो ज्याचा त्यासच ठाऊक.

आणि एक पुस्तक असे की ते मुलांनी वाचावे, पालकांनी वाचावे आणि शिक्षकांनी तर दोनदा वाचावे. ते म्हणजे 'तोत्तोचान'. जपानच्या तेत्सुको कुरोयानागी यांनी आपल्या बालपणीच्या शाळेविषयी लिहिलेले हे पुस्तक १९८१ साली तेथे प्रसिद्ध झाले. चेतना सरदेशमुख-गोसावी यांनी ते मराठीत आणले. एका शाळेने काढून टाकलेली ही मुलगी नव्या शाळेत येते, तेव्हा तेथील मुख्याध्यापक तिचे बोलणे चार तास ऐकून घेतात. आम्ही आमच्या नोकरीत एकाही विद्यार्थ्याचे बोलणे सलग चार मिनिटे ऐकल्याचे आम्हांस स्मरत नाही. न ऐकल्याचा एक प्रसंग मात्र चांगला स्मरतो, आणि तो सांगितल्यावाचून थोरांच्या कादंबऱ्यांकडे आम्हांस वळता येणार नाही.

कपाटातील पुस्तक

सुमारे २००८ सालची गोष्ट. नववीचा वर्ग, संस्कृतचा तास. मागील बाकावरील एक मुलगा मांडीवर पुस्तक ठेवून वाचीत होता. मुलगा हुशार. संधी सोडविताना चुकला तर का चुकला ते तासानंतर येऊन विचारणारा. आम्ही पुस्तक हिसकावून घेतले. कादंबरी होती. जे पान उघडले ते नेमके एका मुलाच्या एका मुलीविषयीच्या ओढीचे. आम्ही त्यातील चार ओळी वर्गापुढे नाटकी आवाजात वाचून दाखविल्या. वर्ग खो-खो हसला. मुलगा हसला नाही, रडलाही नाही. त्याने नुसती मान खाली घातली. पुस्तक आम्ही शिक्षकखोलीतील कपाटात टाकले आणि विसरून गेलो. तो मुलगा दहावी होऊन जाईपर्यंत पुन्हा शंका विचारावयास आला नाही, हे मात्र आमच्या ध्यानात येत होते. आणि ध्यानात येऊनही आम्ही काही केले नाही.

निवृत्तीच्या आठवड्यात कपाट रिकामे करताना ते पुस्तक सापडले. मिलिंद बोकील यांची 'शाळा'. २००४ साली प्रसिद्ध झालेली ही कादंबरी. त्या रात्री आम्ही ती उघडली आणि पहाटे मिटली. आणीबाणीच्या काळातील एक लहानसे गाव, नववीतील मुकुंद जोशी, त्याचे मित्र, शिरोडकर नावाच्या मुलीविषयी त्याच्या मनात जागलेली निर्मळ ओढ, आणि या साऱ्यांच्या डोळ्यांतून दिसणारे शिक्षक! आम्ही फळ्याकडून बाकांकडे जन्मभर पाहिले. बाकांवरून फळ्याकडे पाहिले ते त्या रात्री प्रथम. ज्या पानाची आम्ही टर उडविली होती, ते पूर्ण वाचल्यावर त्यात हसण्यासारखे काहीच नव्हते.

पत्ता मिळवून पुस्तक त्या विद्यार्थ्यास टपालाने पाठविले. सोबत क्षमा मागणारे पत्र जोडले. आठ दिवसांनी पुस्तक परत आले. आत चिठ्ठी होती: "सर, ही प्रत तुमच्याकडेच असू द्या. मी दुसरी केव्हाच घेतली. तेव्हा पुढं काय झालं ते कळेना म्हणून फार तळमळलो होतो. तुम्ही शेवटपर्यंत वाचलीत, हे वाचून बरं वाटलं." ती प्रत आता आमच्या घरच्या कपाटात 'मृत्युंजय'च्या शेजारी आहे. आमचे वाचन, खऱ्या अर्थाने, त्या प्रतीपासून सुरू झाले.

थोरांसाठी आणखी काही

ज्यांचे वाचन 'स्वामी'पाशी थांबले आहे त्यांनी नंदा खरे यांच्या 'अंताजीची बखर' या १९९७ सालच्या कादंबरीपासून पुन्हा प्रारंभ करावा. 'स्वामी'मध्ये शनिवारवाडा दिसतो. येथे मराठ्यांच्या बंगालवरील स्वाऱ्या एका सामान्य, चतुर आणि काहीशा बेरकी माणसाच्या तोंडून ऐकू येतात. बखरीची भाषा जाणणाऱ्या वाचकास तर ही मेजवानीच आहे. त्याच लेखकाची 'उद्या' ही २०१४ सालची कादंबरी इतिहासाकडून भविष्याकडे वळते. ज्या समाजात मुली कमी झाल्या आहेत, माणसावर सदोदित पाळत आहे आणि पैशाने सारे विकत घेतले आहे, असा नजीकचा उद्या तीत रंगविला आहे. वाचून झोप लागत नाही. परंतु औषध गोड असावेच असा कोठे नियम आहे? या कादंबरीस २०२० सालचा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला, तो लेखकाने नम्रपणे नाकारला. २०२२ साली ते निवर्तले.

कविता महाजन यांची 'ब्र' ही २००५ सालची कादंबरी आमच्या वाचकभगिनींनी अवश्य वाचावी. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून ग्रामपंचायतींत स्त्रियांस राखीव जागा मिळाल्या. कायद्याने खुर्ची दिली. पण खुर्चीवर बसलेल्या आदिवासी बाईस बोलू कोण देणार? संस्थेच्या कामानिमित्त त्यांच्यात फिरणारी, स्वतःच्या मोडलेल्या संसारातून बाहेर पडलेली नायिका हे पाहते आणि पाहता पाहता स्वतः बोलावयास शिकते. काही पाने अंगावर येतात. पण ती खोटी आहेत असे म्हणावयाची सोय नाही.

कृष्णात खोत यांची 'रिंगाण' ही साहित्य अकादमीचा २०२३ सालचा पुरस्कार मिळालेली कादंबरी. धरणामुळे गाव उठते, माणसे दुसरीकडे वसविली जातात. परंतु मागे राहिलेली म्हैस रानात रानटी होते. तिला आणावयास माणूस पुन्हा त्या सोडलेल्या मुलखात जातो. कथानक इतकेच, पण आपल्या नळास येणाऱ्या पाण्याची आणि घरातील दिव्याची किंमत कोणी दिली, हा प्रश्न वाचकाच्या मानेवर बसतो. भाषा कोल्हापूर-पन्हाळ्याकडील बोली आहे. आमच्या वाचकांपैकी अनेकांस ती प्रथम अवघड वाटेल. त्यांस आमची विनंती अशी की पहिली दहा पाने मोठ्याने वाचावीत. डोळ्यांस जे अडते ते कानास अडत नाही. आपण लीळाचरित्रातील सातशे वर्षांपूर्वीच्या बोलीचे कौतुक करतो. मग आज पन्हाळ्याच्या रानात बोलली जाणारी मराठी तेवढी आपल्यास परकी का वाटावी?

ज्यांस सवड भरपूर आहे त्यांनी रंगनाथ पठारे यांची २०१९ सालची 'सातपाटील कुलवृत्तांत' ही जाडजूड कादंबरी हाती घ्यावी. कुलवृत्तांत हा शब्द आपल्या घरांतून फार परिचित आहे. प्रत्येक आडनावाचा एक छापलेला असतो. एका कुळाच्या अनेक शतकांच्या कथेतून येथे महाराष्ट्राचा इतिहास उलगडतो, आणि कोणतेही कूळ आपण समजतो तितके सरळ रेषेत आलेले नसते, हे ध्यानात येते.

शेवटी दोन शब्द

पुस्तके सांगून झाली. आता ती वाचावी कशी याविषयी अनुभवाचे थोडे. मुलास वाचून दाखविताना पान उलटण्याचा हक्क त्याच्याकडे द्यावा. गोष्ट संपताच 'यावरून काय बोध घ्यायचा?' असे विचारू नये. जेवण झाल्याबरोबर कोणी पाहुण्यास 'यात मीठ किती होते?' असे विचारीत नाही. तेच पुस्तक मुलाने विसाव्यांदा आणले तरी विसाव्यांदा वाचावे. सर्व पुस्तके विकत घेणे कोणासच परवडत नाही, यास्तव गावच्या ग्रंथालयाची वर्गणी भरावी. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आणि मुंबईचे १८९८ पासून हेच काम करीत आले आहे. आणि रात्री अर्धा तास घरातील एकतरी थोर मनुष्य पुस्तक घेऊन बसलेला मुलांस दिसावा. त्यांस काही सांगू नये. नुसते वाचावे.

मार्गशीर्षात आणखी एका घरच्या मुंजीचे बोलावणे आहे. दोन पुस्तके आम्ही आतापासूनच घेऊन ठेवली आहेत. 'वाचू आनंदे'चा पहिला भाग बटूसाठी. आणि 'शाळा'ची एक नवी प्रत बटूच्या वडिलांसाठी.